लेटरहेड कोणाचे? एका शेतकरी कंपनीने केव्हा बोलायचे, याचे प्रकरण

यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांच्या शिवेवरच्या एका तालुक्यातली ही शेतकरी उत्पादक कंपनी, म्हणजे शेतकऱ्यांनीच सभासद होऊन चालवलेली कंपनी. ओळख पटू नये म्हणून गावांची आणि माणसांची नावे दिलेली नाहीत, काही बारीकसारीक तपशीलही बदलले आहेत. मी या कंपनीचे हिशेब पाहतो आणि संचालक मंडळाच्या बैठकीला निमंत्रित म्हणून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसतो. मत देण्याचा अधिकार मला नाही. त्यामुळे जे दिसले ते लिहिणे सोपे जाते, आणि जिथे मीही गप्प बसलो ते लिहिणे तेवढेच अवघड.

पार्श्वभूमी

कंपनी २०१५ साली नोंदली गेली. चौदा गावे, सहाशे बारा सभासद. बहुतेकांकडे पाच एकरांच्या आतबाहेर कोरडवाहू रान, त्यात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि तुरीच्या ओळी. कंपनीचा स्वतःचा वजनकाटा आहे, एक गोदाम आहे, एक कृषी सेवा केंद्र आहे. हंगामात सभासदांचा कापूस काट्यावर घ्यायचा, ओलावा तपासायचा, आणि गाडी भरून जिनिंगला, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याला, किंवा ज्या सूतगिरणीशी बोलणे झाले असेल तिला द्यायचा. चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, आठ दिवसांत. या एका गोष्टीवर कंपनी उभी आहे. गावात येऊन माल घेणारा खेडा खरेदीचा व्यापारी रोख देतो, पण काट्यात मारतो. कंपनी आठ दिवस लावते, पण काटा सरळ आहे. लोकांनी हा हिशेब केव्हाच लावलेला आहे.

संचालक अकरा, त्यांत दोन बाया. अकरा जणांत चार पक्ष बसतात. शिवाय दोघे असे की त्यांचा पक्ष निवडणुकीच्या आदल्या रात्री कळतो. यात वावगे काही नाही, गाव तसाच असतो. पण सभासद सगळ्या रंगांचे आणि लेटरहेड एकच, हे या प्रकरणाचे मूळ आहे.

आधीच्या दोन गोष्टी

२०२५ मध्ये काय झाले ते सांगण्याआधी मागचे दोन प्रसंग सांगावे लागतात, कारण बैठकीत प्रत्येक जण बोलत होता तो त्या दोन आठवणींतूनच.

पहिला २०१७ चा. त्या वर्षी जुलैपासून यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि मजुरांना विषबाधा होऊ लागली. पऱ्हाटी डोक्यावर गेली होती, फवारा वर मारावा लागत होता, दमट हवेत तो अंगावर, तोंडावर परत येत होता. तोंडाला रुमाल, पाय उघडे. जिल्ह्यात वीसहून अधिक जण गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले आणि राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. आमच्या चौदा गावांत कोणी दगावले नाही, पण तिघे भरती होते. कंपनीच्या कृषी सेवा केंद्रातून तेव्हा औषध विकले जात होते, अजूनही जाते. संचालक मंडळ बसले आणि ठरले की काही बोलायचे नाही. कारण कोणी उच्चारले नाही, पण सगळ्यांच्या मनात एकच होते: बाटली आपल्याच दुकानातली निघाली तर? दुकानावर सूचनेचा साधा कागदसुद्धा लागला नाही.

दुसरा प्रसंग याच्या उलट. २०२० च्या जूनमध्ये शेतीविषयक तीन अध्यादेश आले, सप्टेंबरात त्यांचे कायदे झाले आणि नोव्हेंबरअखेर दिल्लीच्या सीमांवर शेतकरी बसले. डिसेंबरात कंपनीकडे तयार मजकूर आला: आमच्या कंपनीचा कायद्यांना पाठिंबा आहे. तो कोणामार्फत आला हे इथे महत्त्वाचे नाही. त्या वेळच्या अध्यक्षांनी तो लेटरहेडवर छापून सही केली. बैठक नाही, ठराव नाही. हिशेबाच्या फायली चाळताना ते पत्र मी पाहिले होते. 'हे कशात बसवायचे?' असे मनात आले आणि मी फाइल बंद केली.

चार दिवसांनी ते पत्र 'सहाशे बारा शेतकऱ्यांचा पाठिंबा' म्हणून फिरू लागले. गंमत अशी की सभासदांतल्या बऱ्याच म्हाताऱ्यांचा त्या कायद्यांना मनापासून पाठिंबाच होता. कापूस फक्त सरकारी यंत्रणेलाच विकायचा, अशी १९७२ पासूनची एकाधिकार कापूस खरेदी त्यांनी भोगली होती. आपलाच कापूस राज्याबाहेर न्यायला बंदी, म्हणून रात्री बैलगाडी काढून शिवेपलीकडे जायचे दिवस त्यांनी पाहिले होते. शेतमालाला बाजार मोकळा असावा, ही मागणी घेऊन शरद जोशींच्या शेतकरी संघटनेत ते तुरुंगातही जाऊन आले होते. तरी पत्राचा राग त्यांनाही आला. एक काकाजी काट्यावर येऊन म्हणाले, ''माह्यं मत तेच हाय. पण माह्या नावानं सही करायले तुमाले कोनं सांगतलं?''

जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने कायद्यांना स्थगिती दिली, नोव्हेंबर २०२१ मध्ये ते मागे घेतले गेले. कंपनीपुरते नुकसान त्याआधीच होऊन गेले होते. फेब्रुवारीत तुरीच्या हंगामात दोन गावांतून एक पोतेही काट्यावर आले नाही. अध्यक्ष बदलले. नव्या मंडळाचा अलिखित नियम झाला: कशावरही बोलायचे नाही.

म्हणजे एकदा गप्प राहून चुकले, एकदा बोलून चुकले. लोकांना दुसरी चूक लख्ख आठवत होती, कारण तिचा कागद होता. पहिलीचा कागदच नव्हता.

अडचण: ऑगस्ट २०२५

१८ ऑगस्टच्या रात्री बातमी आली की कापसावरचे आयात शुल्क १९ ऑगस्टपासून ३० सप्टेंबरपर्यंत माफ. हे शुल्क फेब्रुवारी २०२१ पासूनचे: पाच टक्के मूळ सीमाशुल्क, पाच टक्के कृषी उपकर आणि या दोन्हींवर दहा टक्के अधिभार, मिळून अकरा टक्के. माफीची मागणी कापड उद्योगाची होती. अमेरिकेने भारतीय मालावर लावलेले पन्नास टक्के शुल्क २७ ऑगस्टपासून लागू व्हायचे होते आणि कच्चा माल तरी स्वस्त मिळावा, असे गिरण्यांचे म्हणणे होते.

शेतकऱ्याच्या बाजूने हिशेब असा. एका क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, उरलेली सरकी. गिरणी रुई खंडीने घेते, एक खंडी म्हणजे ३५६ किलो. बाहेरची खंडी बंदरावर ज्या भावाला पडते, त्याच्या फार वर गिरणी इथल्या खंडीला जात नाही. त्या बाहेरच्या खंडीवरचे अकरा टक्के शुल्क गेले की इथल्या भावाचे छतही खाली येते. त्या वर्षीचा हमीभाव लांब धाग्याला ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये होता. छत त्याच्याही खाली गेले तर सगळा भार हमीभावाने खरेदी करणाऱ्या कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या, केंद्रांवर येणार हे उघड होते.

माफी लागू झाल्याच्या तीन दिवसांनी, २२ ऑगस्टला पोळा होता.

ज्यांनी आमच्याकडचा पोळा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बैलजोड्या तोरणाखाली उभ्या राहतात आणि एकेक जण पुढे येऊन झडत्या, म्हणजे यमकाच्या ओळी, म्हणतो. झडतीत देवादिकांपासून सुरुवात होते आणि गाडी कापसाचा भाव, सरपंच, मंत्री, दिल्ली इथपर्यंत जाते. शेवटी सगळे हर हर महादेव म्हणतात. चालू घडामोडींवर जाहीर बोलण्याची आमच्या गावांची ही जुनी रीत आहे आणि तिला कोणाची परवानगी लागत नाही. त्या दिवशी एका पोराने नवीच झडती जुळवून आणली होती:

बाहेरचा कापूस आला जहाजावर बसून,
आमची पऱ्हाटी पाहे बांधावर रुसून.

लोक हसले, टाळ्या पडल्या. मग त्याने आणि आणखी चौघांनी कंपनीचे कापडी बॅनर उलगडले. मागच्या वर्षीच्या कृषी प्रदर्शनातले ते बॅनर, त्यावर खडूने 'आयात बंद करा' असे लिहिलेले. पोरांनी ते तोरणाच्या दोन खांबांना बांधले. अध्यक्ष स्वतः बैलजोडी धरून तिथेच उभे होते. ते ना हसले, ना रागावले. घुंगराची माळ नीट करत राहिले. त्या बॅनरचा फोटो संध्याकाळपर्यंत तालुकाभर गेला आणि रात्री अध्यक्षांना तीन फोन आले. पहिला तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचा: ''तुमची कंपनी आमच्यासंग हाय, हे पाहून बरं वाटलं.'' दुसरा दुसऱ्या बाजूच्या पुढाऱ्याचा, तो इथे लिहिण्यासारखा नाही. तिसरा, ज्या सूतगिरणीशी यंदाचे बोलणे चालू होते तिच्या खरेदी व्यवस्थापकाचा. तो फक्त म्हणाला, ''आमच्या साहेबांनी फोटो पाहिला, काका.''

त्यात भर म्हणजे जिल्हा परिषदेच्या निवडणुका केव्हाही लागतील अशी हवा होती, एक संचालक तिकिटासाठी फिरत होते, आणि गोदामाच्या अनुदानाचा दुसरा हप्ता यायचा होता.

समोरचे पर्याय

२४ ऑगस्टला, रविवारी, गोदामातच बैठक बसली. मी कोपऱ्यात.

तरुण संचालकाचे म्हणणे सरळ होते: निषेधाचे पत्रक काढा, तहसीलवर मोर्चा न्या, कंपनीचा ट्रॅक्टर आणि बॅनर पुढे ठेवा. ''कापसावर नाई बोलाचं तं मंग कंपनी कायले काढली?'' या प्रश्नाला त्या खोलीत कोणाकडे चांगले उत्तर नव्हते.

ट्रॅक्टरच्या मुद्द्यावर मात्र मला तोंड उघडावे लागले. उत्पादक कंपनीचा कायदा याबाबत कडक आहे. राजकीय पक्षाला, किंवा राजकीय हेतूसाठी कोणालाही, कंपनीने पैसा द्यायचा नाही. आपली माणसे किंवा साहित्यही पुरवायचे नाही. मोर्चा शेतीचा की राजकारणाचा यावर वाद घालता येईल, पण पुढे झेंडे कोणाचे असतील हे आपल्या हातात नाही, एवढे मी म्हणालो.

दुसरे टोक म्हणजे चालू नियमच पुढे चालवायचा, गप्प बसायचे. त्या बाजूचे लोक संख्येने जास्त होते आणि २०२० चे नाव घेत होते. एक जण म्हणाला की एप्रिल २०२२ मध्येही असेच शुल्क माफ झाले होते, तेव्हा कोण बोलले? हे खरे होते. तेव्हा कापूस दहा हजारांच्या वर होता आणि बहुतेकांच्या घरात विकायला उरलेला नव्हता, हेही खरे होते.

मधला एक रस्ता निघाला: ज्याला बोलायचे त्याने आपल्या नावाने बोलावे. ऐकायला छान. पण चौदा गावांत अध्यक्षाला 'कंपनीवाले काकाजी' हेच नाव आहे. त्यांनी आपल्या नावाने बोलायचे म्हणजे कोणत्या?

चर्चा तासभर गोल फिरली. मग दोन महिला संचालकांपैकी ज्या वयाने मोठ्या, त्यांना सगळे ताई म्हणतात, त्यांनी विचारले, ''आपल्या काट्यावर काय फरक पडते, ते सांगा आधी. माफी कधीलोक हाय?''

''तीस सप्टेंबर.''

''अन् आपला कापूस घरात कधी येते?''

दसऱ्यानंतर वेचणी, दिवाळीपासून काटा. हे तिथे कोणाला सांगायची गरज नव्हती. माफी संपेल तेव्हा आमच्या बोंडांनी डोळेही उघडलेले नसतील. त्या मुदतीत मागवलेल्या गाठींचा दबाव पुढेही राहतो, हे मी म्हणालो, पण तो किती, हे सांगायला माझ्याकडे आकडा नव्हता. म्हणून ठरले की सध्या काही बोलायचे नाही. झडती ज्याची त्याने म्हणावी, बॅनर गोदामात परत आणावे.

ताईंनी इतिवृत्तात एक ओळ घालायला लावली: मुदत वाढली तर तीन दिवसांत पुन्हा बसू. लिहून घेणाऱ्याने ती शेवटी, बारीक अक्षरात लिहिली.

चार दिवसांनी, २८ ऑगस्टला, मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली.

काय केले

आता सगळे उलटले. ऑक्टोबर ते डिसेंबर म्हणजे आमचा अख्खा पहिला आणि दुसरा वेचा. बैठक ३० तारखेला घेतली, कारण ३१ ला महालक्ष्म्या बसणार होत्या आणि त्यानंतर तीन दिवस कोणी सापडले नसते.

मधल्या दिवसांत व्यवस्थापक आणि मी मागच्या तीन हंगामांच्या काट्याच्या पावत्या काढून बसलो होतो. पावतीवर तारीख, वजन, ओलावा, भाव एवढेच असते. पण गावनिहाय, क्षेत्रनिहाय लावल्या तेव्हा जे दिसले ते माहीत असूनही कोणी कधी मांडले नव्हते. पाच एकरांच्या आतला सभासद आपला बहुतेक कापूस डिसेंबर संपायच्या आत विकून मोकळा होतो. त्याला उसनवारी फेडायची असते, रब्बीचे बियाणे घ्यायचे असते, घरात ढीग ठेवायला जागा नसते. जानेवारीनंतर काट्यावर येतो तो मोठ्या शेतकऱ्याचा कापूस. म्हणजे ३१ डिसेंबर ही तारीख नेमकी लहान माणसाच्या अंगावर पडत होती. हे बोलायला आमच्याकडे कागद होता. तो पुढाऱ्यांकडे नव्हता, आणि टीव्हीवर भांडणाऱ्यांकडे तर नव्हताच.

माझ्या मते प्रकरणाची कलाटणी इथे आहे. २४ तारखेला पोरांना जे बोलायचे होते ते कोणीही बोलू शकत होते आणि सगळे बोलतच होते. कंपनीने त्यात आवाज मिसळला असता तर सहाशे बारा हा आकडा पुन्हा कोणाच्या तरी भाषणात गेला असता. ३० तारखेला जे होते ते फक्त कंपनीच सांगू शकत होती.

पत्र एका पानाचे झाले. जिल्हाधिकाऱ्यांमार्फत केंद्र सरकारला. त्यात मागण्या तीन: ऑक्टोबरपासून शुल्क पूर्ववत करावे, सीसीआयची केंद्रे दिवाळीच्या आत उघडावीत, आणि सीसीआयला कापूस विकण्यासाठी लागणाऱ्या 'कपास किसान' ॲपवरच्या नोंदणीसाठी ज्यांची सातबाऱ्यावर पिकाची नोंद राहून गेली आहे त्यांना ती दुरुस्त करायला मुदत द्यावी. कोणत्या पक्षाचे नाव नाही, कोणत्या देशाचे नाही, 'निषेध' हा शब्द नाही.

मसुद्यात एक वाक्य असे होते: 'आयात स्वस्त झाली की गिरण्या भाव पाडतात.' पत्र जाण्याआधी अध्यक्षांनी सूतगिरणीच्या व्यवस्थापकाला फोन करून कल्पना दिली. त्याने तेवढे वाक्य काढायची विनंती केली आणि ते काढले गेले. माझे यावर आजही दोन मनांचे म्हणणे आहे. वाक्य काढले हे बरोबरच झाले, कारण गिरण्या संगनमताने भाव पाडतात याचा पुरावा आमच्या पावत्यांत नव्हता. पण ते पुरावा नाही म्हणून निघाले नाही, फोन आला म्हणून निघाले. उद्या पुरावा असलेल्या वाक्यासाठी फोन आला तर?

पत्र आधी सभासदांना वाचून दाखवले. प्रत्येक गावात एका ओट्यावर, आणि सगळ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर व्यवस्थापकाच्या आवाजात. त्यानंतर ते जिल्ह्याला गेले, आणि मग वार्ताहरांना.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात वार्षिक सर्वसाधारण सभा होती. चौदा दिवसांची सूचना देऊन विषयपत्रिकेत मुद्दाम एक विषय घातला होता: कंपनीने जाहीरपणे केव्हा बोलावे. गणपूर्ती एक चतुर्थांश सभासदांची, म्हणजे १५३. एरवी ती भरायला चहा दोनदा करावा लागतो. त्या दिवशी विषय निघायच्या आधीच १७१ सह्या झाल्या होत्या, आणि बाहेर पाऊस कोसळत होता.

मंडळाने मांडलेला ठराव थोडक्यात असा: विषय सभासदाच्या मालाशी, भावाशी, बियाणे-औषधासारख्या निविष्ठांशी किंवा चुकाऱ्याशी थेट जोडलेला असेल, आणि त्याबद्दल आपल्या दप्तरात काही नोंद असेल, तरच कंपनी बोलेल. बोलेल ते अध्यक्ष, ते नसतील तर ताई. कोणी संचालक निवडणुकीला उभा राहिला तर अर्ज भरल्या दिवसापासून तो कंपनीच्या नावाने तोंड उघडणार नाही. मोर्चाला माणूस जाईल, कंपनीचे सामान जाणार नाही.

तेव्हा झडती म्हणणारा तो पोरगा उठला. मला वाटले, बॅनरवरून भांडेल. तो म्हणाला, ''अन् मानूस मेला तं? त्याची नोंद दप्तरात कुठं राहते?'' २०१७ मध्ये भरती झालेल्या तिघांतला एक त्याचा काका होता. सभा बराच वेळ गप्प झाली. अध्यक्षांनी माईक खाली ठेवला, मग उचलला, आणि ठरावात आणखी एक कलम घातले गेले: सभासदाच्या किंवा मजुराच्या जिवाचा प्रश्न असेल तर दप्तर पाहायचे नाही, त्याच दिवशी सगळ्या गावांना सांगायचे, माल आपल्या दुकानातला असला तरी.

काय झाले

शुल्कमाफी ३१ डिसेंबरपर्यंत होती तशीच राहिली. एका तालुक्यातल्या कंपनीच्या पत्राने ती हलेल असे कोणाला वाटलेही नव्हते, पत्र लिहिणाऱ्यांना तर नाहीच. तिसऱ्या मागणीचा मात्र उपयोग झाला. पत्र हातात घेऊन तलाठ्यांकडे आणि कृषी सहायकांकडे जाता आले, आणि ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावरची पिकाची नोंद, राहिलेल्यांच्या याद्या गावागावांत करता आल्या. कंपनीने आपल्या कार्यालयात ॲपवर नोंदणी करून द्यायला दोन पोरे बसवली. त्यांतला एक तोच, झडतीवाला.

वर्तमानपत्राच्या तालुका पानावर बातमी आली ती 'शेतकरी कंपनीचा सरकारवर हल्लाबोल' या मथळ्याने. आत मजकूर बरोबर होता. आत कोण वाचते? मथळ्याचा फोटो दोन दिवसांत एका पक्षाच्या फलकावर गेला. त्यातच एका संचालकाने कोणत्या तरी यूट्यूब चॅनेलला उभ्या उभ्या मुलाखत दिली आणि पत्रात नसलेल्या चार गोष्टी सांगितल्या. ते तिकिटासाठी फिरणारे नव्हते. साधे, भिडस्त गृहस्थ. समोर माइक आला आणि बोलले. अध्यक्षांनी दुसऱ्या दिवशी पत्राचा फोटो तेवढा पुन्हा सगळीकडे टाकला, खुलासा वगैरे काही लिहिला नाही. हे मला आवडले.

सूतगिरणीने करार मोडला नाही, पण पहिली गाडी पंधरा दिवस उशिरा मागवली. ते पत्रामुळे की स्वस्त गाठी आल्यामुळे, हे मला सांगता येणार नाही. तेवढ्या दिवसांत काही सभासदांनी खेडा खरेदीवाल्याला माल दिला, त्याची नोंद आमच्याकडे आहे. यंदा 'सहाशे बारा' या आकड्यावरून मात्र कोणी काट्यावर भांडायला आले नाही.

ठरावाची खरी परीक्षा ऑक्टोबरअखेर झाली. कर्जमाफीसाठी बच्चू कडू यांच्या नेतृत्वाखाली २८ ऑक्टोबरला नागपूरला ट्रॅक्टर मोर्चा धडकला आणि हैदराबादकडे जाणारा महामार्ग अडला. आमच्या गावांतूनही लोक गेले. आदल्या दिवशी कंपनीचा ट्रॅक्टर मागायला पाच जण आले होते. ऑगस्टात याच मागणीवर तासभर भांडण झाले असते. आता व्यवस्थापकाने ठरावाची प्रत दाखवली, आणि पाचही जण आपापल्या ट्रॅक्टरने गेले. त्यांत एक संचालकही होते, स्वतःच्या डिझेलवर.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट २४ ऑगस्टची. गप्प राहायचे ठरले, पण गप्प का राहतो आहोत हे सभासदांना कोणी सांगितले नाही. त्या चार दिवसांत गावात पसरले की कंपनीने गिरणीवाल्याकडून काहीतरी घेतले. 'कापूस दिवाळीला येतो, मुदत वाढली तर बसू' एवढे दोन वाक्यांत गटावर टाकले असते तरी पुरले असते. बोलायचे नाही असे ठरले तर तेही सभासदांना सांगावे लागते, हे आम्हाला उशिरा कळले.

दुसरी गोष्ट वार्ताहरांची. त्यांना पूर्ण पान देऊन आम्ही मोकळे झालो. मथळा त्यांनी शोधला, कारण आम्ही दिला नव्हता. पत्राच्या डोक्यावर ठळक एक ओळ हवी होती: 'लहान शेतकऱ्याचा कापूस डिसेंबरच्या आत विकला जातो'. ती ओळ आमच्याकडे होती, तिसऱ्या परिच्छेदात पुरलेली. यूट्यूबवाल्या प्रसंगाचेही तसेच. कोणी बोलायचे हे सभेत ठरले, पण पत्र सभेच्या आधी गेले होते. अकरा जणांना एकेक फोन करायला अर्धा तास लागला असता.

तिसरी, गिरणीला केलेला फोन. कल्पना देणे हा शिष्टाचार आहे, आणि ज्याला माल विकायचा त्याच्याशी तो पाळावाच. पण तो पत्र गेल्यानंतर पाळावा, असे मला वाटते. अध्यक्षांना ते पटत नाही. ते म्हणतात, ''शेजाऱ्याच्या धुऱ्यावर नांगर घालायच्या आधी हाक मारतात, नंतर नाही.'' आमचा हा वाद अजून चालू आहे.

चौथी गोष्ट कोणी विषयपत्रिकेवर घेत नाही. २०१७ चे मौन कंपनीने अजून कागदावर मान्य केलेले नाही. सभेत कलम झाले, पण ते पुढच्यासाठी. त्या वर्षी दुकानात काय विकले गेले, हातमोजे आणि मास्क किती दिले गेले, त्या तिघांच्या घरी कोण गेले आणि कोण गेले नाही, हे अजून कुठेही लिहिलेले नाही. विक्रीची बिले माझ्याकडे आहेत. मागितली तर देईन, असे मी त्या सभेनंतर ताईंना म्हणालो. त्यांनी मान हलवली. पुढची बैठक जानेवारीत होती, तिच्या विषयपत्रिकेत हा विषय आला नाही.

लेटरहेडचे पॅड आता पावती पुस्तकासारखे छापतात, प्रत्येक पानावर क्रमांक आणि खाली कार्बन प्रत. पॅड ताईंच्या ताब्यातल्या कपाटात असते. परवा हिशेबासाठी चाळत होतो. पान क्रमांक १९ वर आडवी रेघ मारून 'रद्द' लिहिलेले आहे. तारीख २७ ऑक्टोबर. वर कोणाच्या तरी घाईतल्या अक्षरात एवढेच आहे: 'आमच्या कंपनीचा ट्रॅक्टर'.